'ऑन', 'ओव्हर' आणि 'अबव्ह' या तिघांनाही 'वर' म्हणून कसे चालेल?

अल्पविराम (मूळ प्रश्न)

विजेवर चालणाऱ्या एका हीटरच्या माहितीपुस्तिकेचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचे काम मी हाती घेतले आहे. काम किरकोळ आहे असे समजून ते घेतले आणि सुरक्षिततेच्या सूचनांच्या पहिल्याच पानावर अडकलो. त्या पानावर लागोपाठ तीन सूचना आहेत. पहिलीत 'ऑन द हीटर' कोणतीही वस्तू ठेवू नये असे म्हटले आहे, दुसरीत 'ओव्हर द हीटर' टॉवेल किंवा कपडे टाकू नयेत असे म्हटले आहे, आणि तिसरीत भिंतीला फळी लावायची झाल्यास ती 'अबव्ह द हीटर' किमान ५० सेंटिमीटर असावी अशी अट आहे. मी तिन्ही ठिकाणी 'हीटरवर' असे लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात दोन प्रश्न लिहून तो परत पाठवला. पहिल्या दोन सूचना वेगळ्या कशासाठी दिल्या आहेत, आणि तिसऱ्या सूचनेतली फळी भिंतीवर लावायची की हीटरवर?

शब्दकोश उघडून पाहिला, तर तिन्ही शब्दांपुढे पहिला अर्थ 'वर' असाच दिलेला आढळला. शाळेत आम्हाला एक नियम शिकवला होता की दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या असतील तर 'ऑन' आणि मध्ये अंतर असेल तर 'ओव्हर'. हा नियम आजवर मी श्रद्धेने पाळत आलो, पण वाळत घातलेला टॉवेल हीटरला चांगला चिकटून असतो, आणि तरीही पुस्तिकेत 'ओव्हर' आहे. मग नियम चुकीचा, की पुस्तिका? शिवाय अंतर असेल तेव्हा 'ओव्हर' आणि 'अबव्ह' यांपैकी कोणता शब्द कुठे येतो, हेही मला नीटसे सांगता येत नाही. मराठीत यांतला फरक दाखवण्याची सोय मुळात आहे का, की दरवेळी वाक्यच फिरवावे लागते, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

शब्दयोगी

मराठीत सोय आहे, फक्त आपण ती न कळत वापरतो म्हणून दिसत नाही. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत ते नामाच्या सामान्यरूपाला मागून जोडले जातात, आणि जोडण्याच्या पद्धतीतच बराचसा फरक दडलेला असतो. 'मांजर भिंतीवर बसले आहे', 'भिंतीच्या वर आकाश दिसते' आणि 'मांजराने भिंतीवरून उडी मारली' ही तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात 'वर' नामाला थेट चिकटला आहे आणि मांजरही भिंतीला चिकटलेले आहे, हा 'ऑन'. दुसऱ्यात नाम आणि 'वर' यांच्यामध्ये 'च्या' आला आणि जणू तेवढेच अंतर दोन वस्तूंमध्ये पडले, हा 'अबव्ह'. तिसऱ्यात 'वरून' आहे, म्हणजे एका बाजूने निघून वरच्या अंगाने दुसऱ्या बाजूला जाणे आहे; हा 'ओव्हर'.

'वरून' आणि 'ओव्हर' यांचे सख्य स्थळापुरतेच नाही, ही मला विशेष वाटणारी गोष्ट आहे. इंग्रजीत बोलणे 'ओव्हर द फोन' होते, आपण फोनवरून बोलतो. इंग्रजीत भांडण 'ओव्हर मनी' होते, आपल्याकडे पैशांवरून होते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरावी, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

तेव्हा आपल्या पुस्तिकेत पहिल्या सूचनेला 'हीटरवर' आणि तिसरीला 'हीटरच्या वर' असे लिहावे. दुसरीला 'हीटरवरून' मात्र बसणार नाही, हे मान्य करतो. तिथे टॉवेल कुठे जात नसून पडून राहतो. त्या एका वाक्याचा विचार अजून करावा लागेल.

काना_मात्रा

शब्दयोगी यांची मांडणी सुबक आहे, पण ती पहिल्याच पुलावर कोसळते. 'नदीवर पूल आहे' आणि 'नदीवर होडी आहे' ही दोन्ही वाक्ये आपण 'वर' जोडूनच लिहितो. होडी पाण्याला टेकलेली आहे, म्हणून इंग्रजीत ती 'ऑन द रिव्हर' आहे. पूल पाण्याच्या बराच वर आहे, म्हणून तो 'ओव्हर द रिव्हर' आहे. 'डोक्यावर टोपी' आणि 'डोक्यावर छप्पर' यांची गोष्टही तीच. जोडून लिहिलेल्या 'वर'मध्ये 'ऑन' आणि 'ओव्हर' दोघेही सुखाने नांदतात. 'च्या वर' हा बहुतेक वेळा 'अबव्ह'च्या जवळ जातो, एवढा भाग मात्र मला मान्य आहे.

शाळेतला स्पर्शाचा नियम अर्धा खरा आहे. 'ऑन'ला स्पर्श लागतो आणि बहुधा आधारही लागतो, हे बरोबर. परंतु 'ओव्हर'ला स्पर्श वर्ज्य आहे, हे त्यावरून निघत नाही. 'ओव्हर'ला स्पर्शाशी कर्तव्यच नसते; असला तरी चालतो, नसला तरी चालतो. त्याचे लक्ष भलतीकडे असते, आणि ते कुठे असते हे एका नाण्याने दाखवता येते.

कोऱ्या कागदाच्या मध्यभागी एक लहानसे अक्षर लिहा आणि त्यावर नाणे असे ठेवा की अक्षर दिसेनासे होईल. आता नाणे 'ऑन द पेपर' आहे, कारण कागदाने ते पेलले आहे. त्याच वेळी ते 'ओव्हर द लेटर' आहे, कारण त्याने अक्षर झाकले आहे. नाणे एकच, जागा एकच, स्पर्शही तोच, आणि तरी शब्द दोन. आता नाणे दोन बोटांत धरून सरळ चार बोटे उचला. 'ऑन' तत्क्षणी संपला, 'ओव्हर' मात्र टिकून आहे, आणि आता 'अबव्ह' म्हटले तरी चूक नाही. त्यानंतर नाण्याची उंची तशीच ठेवून हात हळूहळू बाजूला न्या. नाणे अक्षराच्या डोक्यावरून सरकले की 'ओव्हर' म्हणणे अवघड होऊ लागते. नाणे अक्षरापेक्षा उंच पातळीवर असेपर्यंत 'अबव्ह' मात्र बराच वेळ तग धरतो. शेवटी कागद भिंतीला चिकटवा आणि नाणे बोटाने त्या अक्षरावर दाबून धरा. आता त्यात उंचीचा काही संबंध उरला नाही, नाणे अक्षराच्या समोर आहे, तरीही इंग्रजी माणूस 'ओव्हर' म्हणेल, कारण अक्षर झाकलेले आहे. तोंडावर हात ठेवणे, खिडकीवर पडदा ओढणे, भिंतीतली भेग दिसू नये म्हणून त्यावर चित्र टांगणे, हे सारे याच जातीचे 'ओव्हर' आहेत.

याच कारणाने तळ्याकाठच्या टेकडीच्या उतारावर बांधलेले घर इंग्रजीत 'अबव्ह द लेक' असते. तेच घर 'ओव्हर द लेक' म्हटले, तर ते पाण्यात खांब रोवून त्यांच्यावर बांधलेले असावे असे वाचणाऱ्याला वाटेल.

शब्दयोगी यांनी सांगितलेला 'वरून'चा 'ओव्हर' खराच आहे, पण त्यालाही एक शेपूट आहे. इंग्रजीत कधी कधी ओलांडण्याची क्रिया गाळून फक्त तिचा शेवट सांगतात. काही वर्षांपूर्वी एका कथेच्या अनुवादात 'ओव्हर द हिल' राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी 'टेकडीवर' वसवले. दोन पाने पुढे गेल्यावर त्याला भेटायला निघालेला मुलगा टेकडी चढला, माथ्यावर थोडा थांबला आणि पलीकडे उतरू लागला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की म्हातारबुवा टेकडीपलीकडे राहत होते. छापून होण्याआधी ते उमगले, हे नशीब. आणखी एक लहानशी गोष्ट: ओलांडताना वरच्या अंगाने जायचे असेल तरच 'ओव्हर' चालतो. भिंत 'ओव्हर' ओलांडतात, नदी पुलावरून 'ओव्हर' ओलांडतात, पण पोहून ओलांडली तर तिथे 'अक्रॉस' हवा.

दशांशचिन्ह

आकड्यांचा विषय अजून कुणी काढलेला नाही. मोजपट्टी डोळ्यांपुढे असेल आणि तिच्यावर एखादी ठरलेली रेघ असेल, तर इंग्रजी 'अबव्ह'कडे वळते. तापमान शून्य अंशाच्या 'अबव्ह' असते, गुण सरासरीच्या 'अबव्ह' असतात, आणि एव्हरेस्टची २०२० साली जाहीर झालेली ८८४८.८६ मीटर ही उंची समुद्रसपाटीच्या 'अबव्ह' मोजलेली असते. तिथे 'ओव्हर' कुणीही लिहीत नाही. मराठीत आपण ही उंची समुद्रसपाटी'पासून' सांगतो, आणि मला वाटते तो 'पासून' अतिशय नेमका आहे, कारण 'अबव्ह'मध्ये नेहमी कुठल्यातरी रेघेपासून मोजल्याचा भाव असतो.

नुसती संख्या किंवा वय ओलांडले असेल तर मात्र 'ओव्हर' येतो. साठीच्या पुढची माणसे 'ओव्हर सिक्स्टी' असतात आणि शंभरावर लोक जमले की 'ओव्हर अ हंड्रेड' होतात. या वापरावर अमेरिकी वृत्तपत्रांत पुष्कळ काळ नाके मुरडली जात होती. संख्येसाठी 'मोअर दॅन' लिहावे आणि 'ओव्हर' स्थळापुरता राखावा, असा संपादकांचा आग्रह असे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१४ साली तो आग्रह सोडून संख्येसाठीही 'ओव्हर' चालेल असे मान्य केले. माझ्या मते तो आग्रह प्रथमपासूनच निराधार होता, कारण बोलणारे आणि लिहिणारे लोक तो शब्द तसा शतकानुशतके वापरत आलेले आहेत.

प्रश्नकर्त्यांच्या तिसऱ्या सूचनेत ५० सेंटिमीटर हे माप आहे, हे लक्षात घ्यावे. माप आले म्हणून तिथे 'अबव्ह' आला आहे.

अल्पविराम

नाण्याचा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. माझ्या डोक्यातला शाळेतला नियम त्या कागदावरच राहिला. आता एकच शंका उरते. दिवा टेबलाच्या बरोबर वर, दोन हातांवर टांगलेला आहे. स्पर्श नाही, झाकणे नाही, ओलांडणे नाही. नाणे चार बोटे उचलल्यावर दोन्ही शब्द चालतात असे काना_मात्रा म्हणतात, मग या दिव्यालाही दोन्ही चालतील. तसे असेल तर बोलणारा निवड कशाच्या आधारावर करतो? की ती निव्वळ सवय आहे?

जोडाक्षर

दोन्ही चालतात, पण दोन्हींतून एकच गोष्ट सांगितली जात नाही. 'अबव्ह' म्हटले की दिवा कुठे आहे एवढेच कळते. 'ओव्हर' म्हटले की दिव्याचा टेबलाशी काही व्यवहार आहे असे ऐकणाऱ्याला जाणवते, म्हणजे त्याचा उजेड टेबलावर पडतो, तो त्या टेबलासाठीच टांगलेला आहे.

ही केवळ माझी समजूत नाही. मानसशास्त्रज्ञ केनी कोव्हेंट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पावसात छत्री धरलेल्या माणसाची चित्रे दाखवली होती. काही चित्रांत छत्री सरळ होती, काहींत तिरपी; काहींत ती पाऊस अडवत होती, काहींत अडवत नव्हती. छत्री माणसाच्या 'ओव्हर' आहे आणि छत्री माणसाच्या 'अबव्ह' आहे, ही वाक्ये त्या चित्रांना कितपत लागू पडतात, हे लोकांना विचारले गेले. 'अबव्ह'बद्दलचे मत छत्रीच्या कोनाप्रमाणे अधिक बदलले. 'ओव्हर'बद्दलचे मत मात्र छत्री तिचे काम करते आहे की नाही, यावर अधिक अवलंबून राहिले. तिरपी छत्री तिरपा पाऊस अडवत असेल, तर लोक तिला 'ओव्हर' म्हणायला बऱ्यापैकी राजी होते.

राज्य करणे, हुकमत गाजवणे, लक्ष ठेवणे या अर्थांनीही 'ओव्हर' येतो, तो याच व्यवहाराच्या भावनेतून येत असावा असे मला वाटते. या एका शब्दाच्या अर्थांचे जाळे उलगडण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील विद्यापीठात संपूर्ण प्रबंध लिहिला आणि भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ साली तो धागा पुढे नेला. तेव्हा प्रश्नकर्ते एका पानावर अडकले, यात लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

शब्दयोगी यांना जे आश्चर्य वाटले, त्याबद्दल विषयाला किंचित सोडून लिहितो. 'ओव्हर' आणि आपला 'वर' हे एकाच घराण्यातले आहेत. जुन्या इंग्रजीतला 'ओफर', जर्मनमधला 'उबर', लॅटिनमधला 'सुपर', ग्रीकमधला 'हुपेर' आणि संस्कृतातला 'उपरि' ही एकाच मूळ शब्दाची भावंडे आहेत, आणि 'उपरि'पासून प्राकृतातल्या 'उवरि'मार्गे जुन्या मराठीतला 'वरी' व आजचा 'वर' आला. तेव्हा दोघांचे वागणे सारखे दिसले, तर त्यात काही अंशी घराण्याचा वाटा असू शकेल. अर्थात फोन तेव्हा नव्हता, त्यामुळे 'फोनवरून' हे दोघांनी नंतर आपापले शोधले.

आता हीटरकडे वळतो. तीन सूचनांत तीन वेगळे धोके आहेत आणि तीन शब्द त्या धोक्यांकडे बोट दाखवतात. 'ऑन'मध्ये वस्तूचा भार हीटरवर येण्याचा आणि ती तापण्याचा धोका आहे. 'ओव्हर'मध्ये कपड्याने हीटर झाकला जाऊन उष्णता आत कोंडण्याचा धोका आहे. 'अबव्ह'मध्ये वर जाणाऱ्या गरम हवेचा धोका आहे आणि त्यासाठी अंतर राखायचे आहे. मराठी वाचकापर्यंत हे धोके पोचले पाहिजेत. तिन्ही ठिकाणी शब्दयोगी अव्ययच वापरले पाहिजे, असा काही दंडक नाही. दुसऱ्या सूचनेत 'वर' हा शब्द टाळून सरळ 'झाकणे' हे क्रियापद वापरावे. तपासणाऱ्या बाईंचा पहिला प्रश्न त्या एका क्रियापदाने सुटेल.

अल्पविराम

सर्वांचे मनापासून आभार. नवा मजकूर असा केला आहे: 'हीटरवर कोणतीही वस्तू ठेवू नये. टॉवेल, कपडे इत्यादी टाकून हीटर झाकू नये. हीटरच्या वर भिंतीला फळी लावायची असल्यास ती किमान ५० सेंटिमीटर उंचीवर लावावी.' कुणाला काही खटकत असल्यास सांगावे.

त्याच पानाच्या तळाशी, भिंतीवरील सॉकेटच्या 'इमिजिएटली बिलो' हीटर ठेवू नये, अशीही सूचना आहे. तिथे 'अंडर' का नाही, हे आता थोडेसे कळते आहे, पण खात्री करून घ्यावीशी वाटते.

शब्दयोगी

पुलाबद्दलची दुरुस्ती मी मुकाट्याने स्वीकारली आहे, आता दोन दुरुस्त्या माझ्याकडून.

आपल्या तिसऱ्या वाक्यात '५० सेंटिमीटर उंचीवर' हे कुठून मोजायचे, ते कळत नाही. ते अंतर कुणी जमिनीपासून मोजले, तर फळी हीटरला टेकेल. दशांशचिन्ह यांचा 'पासून' इथे कामी येतो. 'फळी हीटरच्या वरच्या कडेपासून किमान ५० सेंटिमीटर उंच असावी' असे लिहावे.

सॉकेटबद्दल आपला अंदाज योग्य आहे. 'ओव्हर'ची जोडी 'अंडर'शी आणि 'अबव्ह'ची 'बिलो'शी जमते. पांघरुणाच्या आत शिरलेला माणूस 'अंडर' असतो, शून्याखाली उतरलेला पारा 'बिलो' असतो. सॉकेट काही हीटरला झाकत नाही की आडोसा देत नाही. ते नुसते उंच जागी आहे, म्हणून 'बिलो' आला. मात्र 'बिलो'मध्ये सरळ रेषेची हमी नसते. खोलीतल्या कुठल्याही कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला हीटर भिंतीतल्या सॉकेटपेक्षा खालच्याच पातळीवर असणार. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांना 'इमिजिएटली' हा शब्द जोडावा लागला आहे. मराठीत नुसते 'सॉकेटखाली' लिहिल्यास तीच संदिग्धता शिल्लक राहील, म्हणून 'हीटर सॉकेटच्या थेट खाली ठेवू नये' असे लिहावे. त्यातला 'थेट' गाळू नये.